चाळीस गोधड्या आणि माझं जादा वाक्य

"या गोधड्या तुम्ही परत घेऊन जा," किकुची-सान शांतपणे म्हणाल्या. ते इंग्रजीत सांगायचं काम माझं होतं.

मी इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी. टोकियोत फुनाबोरीला राहते. माझी बहुतेक कामं फॅक्टरीतली: व्हॉल्व्ह, ऑडिट, सेफ्टी ट्रेनिंग. त्या दिवशी मात्र आम्ही उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात होतो. २०११ च्या त्सुनामीत घरं गेलेली माणसं तिथे शाळेच्या मैदानावरच्या तात्पुरत्या घरांत राहत होती. सत्तरीच्या किकुची-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’) त्या वसाहतीच्या अध्यक्ष. त्यांच्यासमोर बसल्या होत्या डॉरिस-सान, टोकियोतल्या एका शाळेत शिकवणाऱ्या अमेरिकन बाई. मागे त्यांच्या अकरा मैत्रिणी, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाची जॅकेट्स.

या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका सोरॉरिटीच्या सभासद. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना. शंभरेक वर्षांपूर्वी गोऱ्या मुलींच्या संघटना यांना घेत नव्हत्या आणि पुरुषांच्या संघटनांत बाईला जागा नव्हती. म्हणून काही विद्यार्थिनींनी स्वतःचीच काढली. मला आधी आपलं भगिनीमंडळच वाटलं होतं. पण इथे सभासदत्व कॉलेजबरोबर संपत नाही, ते जन्मभराचं, आणि बदलीवर जिथे जाल तिथे शाखा काढून समाजसेवा करायची. टोकियोच्या शाखेने वर्षभर बसून चाळीस घरांसाठी चाळीस गोधड्या शिवल्या होत्या. ते बॉक्स बाहेर व्हरांड्यात पडले होते.

"का नको, ते विचारा," डॉरिस-सान म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मानेवरची शीर दिसत होती.

मी विचारलं. किकुची-सान माझ्याकडे न बघता डॉरिस-सानकडे बघून म्हणाल्या, "फोनवर तुम्ही सांगितलंत, परतभेट म्हणून उलट काही द्यायची गरज नाही. आमच्याकडे देण्यासारखं काहीच उरलेलं नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

फोन मी केला होता. डॉरिस-साननी मला तारीख, वेळ आणि गोधड्यांचा आकडा सांगायला दिला होता. "परतभेट नको" हे वाक्य माझं. अहो फॉर्मॅलिटी कशाला, असं म्हणायची पुणेरी सवय, दुसरं काय! जपानात काही घेतलं की उलट काहीतरी द्यायचंच असतं. न देणं हा कमीपणा. आणि हे मला कळायला हवं होतं, कारण शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही हे आईने मलाही शिकवलंय.

आमच्या धंद्याचा नियम सोपा आहे. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. त्यातला पहिला अर्धा, पदरचं न घालण्याचा, मी मोडून बसले होते. दुसरा मोडणं फार सोपं होतं. "घरं लहान आहेत, ठेवायला जागा नाही म्हणतात," एवढं सांगितलं असतं तर खोलीत कुणालाही पत्ता लागला नसता. माझी नोकरी सुखरूप राहिली असती. मी तीन-चार सेकंद खरंच तो विचार केला.

मग मी सगळं शब्दशः सांगितलं.

"मी असं म्हणाले?" डॉरिस-सान.

"नाही. मी म्हणाले. माझ्या मनाने."

हे इंग्रजीत बोलले, म्हणजे जपानीतही सांगणं भाग होतं. किकुची-सानना मान लववून तेही सांगितलं. आमची परतीची बस तीनला निघणार होती. दोन वाजून गेले होते.

डॉरिस-साननी चष्मा काढून पुसला. "त्यांना सांगा, लहानपणी मी दुसऱ्यांनी दिलेले कोट घालून शाळेत गेले आहे. कोट देणाऱ्या बाईंना आईने केक करून नेला. त्या म्हणाल्या, राहू दे, तुमच्याकडेच ठेवा, तुम्हाला लागेल. आई कोटासाठी कधी रडली नाही, त्या केकसाठी रडली."

मी सांगितलं.

किकुची-साननी विचारलं, "मग तो केक खाल्ला कुणी?"

"आम्ही भावंडांनी. एका बैठकीत."

किकुची-सान हसल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "आज सगळ्यांनी इथे जेवायचं. बॉक्स नंतर उघडू."

यजमानांना त्रास नको म्हणून बारा जणींनी स्वतःचे डबे आणले होते. ते कुणी उघडले नाहीत. वसाहतीतल्या बायकांनी वाकामेचं, म्हणजे समुद्रशेवाळाचं सूप आणि भात वाढला. नंतर प्रत्येक घरातून एकेक जण आलं, एक गोधडी घेतली आणि वाळवलेल्या वाकामेचं एक पाकीट दिलं. बस साडेचारला सुटली. ड्रायव्हर वैतागला होता.

मला कामं देणाऱ्या एजन्सीला रिपोर्ट द्यावा लागतो. मी सगळं लिहिलं.

"लेले-सान, तुमचं काम काय होतं?" मॅनेजरने विचारलं.

"बोललेलं सांगायचं."

"आणि तुम्ही?"

"न बोललेलंही सांगितलं."

पुढचे सहा महिने मला फक्त व्हॉल्व्ह मिळाले. पुढच्या वर्षी डॉरिस-साननी पुन्हा मलाच मागितलं. अट एकच होती. वसाहतीला फोन करताना त्या माझ्या शेजारी बसणार.

तेव्हापासून मी कुणाच्याही वतीने नम्र होत नाही.