उल्का आप्पांचा डोळा

उल्का आप्पांनी माझ्या कानाखाली पहिल्यांदा जाळ काढला, तो मी मोबाइल उघडला म्हणून. तेलगावच्या शिवारात, आमच्या कापसाच्या रानात आम्ही दोघं सतरंजीवर उताणे पडलो होतो. उजेड डोळ्यांत गेला की बराच वेळ बारीक उल्का दिसत नाहीत, हे तोंडानं सांगता आलं नसतं का? पण आप्पा आधी हात चालवत, मग विज्ञान सांगत. माझे सख्खे चुलते, चांगले बी.एस्सी. झालेले, पण गावात त्यांच्याशी हातघाई न झालेला माणूस शोधावाच लागे.

"आडवं पडून चांदण्या मोजता, उपयोग काय?" असं सरपंचांनी भर पारावर विचारलं, तर आप्पांनी त्यांची गचांडीच धरली. "चांदणी तुटत न्हाई, आभाळातली धूळ जळती. औंदा ती किती आली, कवा दाट झाली, हे शास्त्रज्ञांना आमच्या मोजणीवरून कळतं. त्यांच्याकडं ढग असले की आपलंच आभाळ कामाला येतं!" इतकी वर्षं एकाच रानातून, एकाच माणसानं केलेली मोजणी, हेच तिचं मोल होतं. ती तुटू नये, यातच त्यांचा जीव अडकलेला.

दुसऱ्यानं पाहिलेली उल्का आपल्या आकड्यात धरायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा त्यांच्या "आली!"वर मीही एक वाढवली, तर लाथ घालून मला सतरंजीवरून ढकललं. "तुला दिसली न्हाई ती न्हाई. लबाडी करायची तर राजकारणात जा."

त्या हिवाळ्यात आवई उठली की रात्री ड्रोन फिरतात, चोर आधी पाहणी करून जातात. पोरं काठ्या घेऊन गस्त घालू लागली. घड्याळ बघायला आप्पा बॅटरीला लाल पतंगी कागद लावत. तो उजेड डोळ्यांना बाधत नाही. गस्तीवाल्यांनी रानात लाल ठिपका पाहिला आणि ड्रोनवाले सापडले म्हणून तुटून पडले. "अरे, आप्पा हायत!" मी बोंबललो, पण ऐकतंय कोण? बरगडीवर काठी, डोक्यावर काठी. आप्पांनीही एकाचे दात पाडले. रक्तानं माखलेले आप्पा ओरडत होते, "टॉर्च बंद करा बे हरामखोरांनो! कावून उजेड पाडायलाव? मोजणीचा तास पुरा व्हायचाय!" त्या शिव्यांनीच त्यांची ओळख पटली. तोवर एक काठी डोळ्यात घुसली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डावा डोळा काढावा लागला.

वर्षानं, उल्कांच्याच एका रात्री, ती पोरं रानात माफी मागायला आली. खोटं कशाला बोलू, मी कोयता उचलला होता. आप्पांनी तो हिसकावून भिरकावला आणि पोरांवर खेकसले, "माफी घाला चुलीत! दोन-दोन डोळे हायत ना? पडा उताणे!"

पोरं गुमान आडवी झाली. आप्पा मात्र बाभळीला टेकून, मान खाली घालून बसले. मी म्हटलं, "आप्पा, तुमी न्हाई मोजत?"

"माझं आभाळ अर्धं झालं. पहिल्या आकड्यांत हा आकडा कसा मिसळू? तुटली माझी मोजणी."

मला त्या पोरांचा आजही लई राग येतो. आप्पांचं बोलणं संपतंय तेवढ्यात एक प्रचंड उल्का फुटली. रानभर लख्ख उजेड पडला, पोरं किंचाळली.

"गप बे! ज्यानं त्यानं आपापली मोजा," आप्पा गुरकावले. त्या उजेडात मी त्यांच्याकडे पाहिलं. उरलेला डोळाही त्यांनी घट्ट मिटून घेतला होता.