फौजदार लढला होता

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि त्याला तर भाजीत मीठ जास्त पडलं की तेही मी आधीच सांगून टाकते. माहेरी सांगितलं नाही. देवापुढं उभी असताना हे आठवायला लागलं की मी घाईघाईनं कापूर पेटवते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक म्हणूनच.

गोष्ट एका हंसाची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. मलाही आधी हसूच यायचं.

आमचं गाव संतपूरपासून जवळ. मी ब्लाउज शिवते. लग्नसराईत मान वर करायला सवड नसते. मशीन खिडकीला लावलेली आहे, आणि त्या खिडकीतून शेजारच्या गंगाक्काचं परस अख्खं दिसतं — तुराट्यांचा कूड, खुराडं, पाण्याची दगडी डोणी, सगळं. आणि मला बघायचा नाद. नाद कसला, रोगच. लहानपणी मांजरीची पिल्लं डोळे नेमके कधी उघडतात हे बघायचं म्हणून मी कोनाड्यापुढं बसून राहिले, शाळा बुडवली, मार खाल्ला. कोण कुणाकडं कशाला गेलं, यात मला रस नाही हो, तसली चोंबडी मी नाही. मला एखादी गोष्ट कशी घडते ते बघायचं असतं. शेवटपर्यंत. मधे कुणी हाक मारली तरी राग येतो.

गंगाक्का धनगराची. तिच्या सासऱ्याच्या काळापर्यंत मेंढरं होती. आता मेंढरं नाहीत, जमीन नावापुरती, नवरा वारलेला. अक्का दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जायची. मुलगा मल्लू हैदराबादला गाडी चालवतो. दर दिवाळीला तो आईला न्यायला यायचा आणि दर दिवाळीला अक्का एकच म्हणायची, "कोंबड्या कुनाच्या जिवावर सोडू रे?" कोंबड्या समोरच दाणे टिपत असायच्या. एकदा मात्र तो चिडून बोलला की ह्या संपल्या की मग दुसरं काही ऐकणार नाही, उचलून नेईन. अक्का हसली, पण ते तिच्या मनात रुतून बसलं. कारण कोंबड्या खरंच कमी व्हायला लागल्या होत्या. घार पिल्लं उचलायची, मुंगूस अंडी फोडायचं, गल्लीतली कुत्री कूड वाकवून आत शिरायची. अक्काला गाव सोडायचं नव्हतं, आणि गावात राहायला तिच्याकडं कोंबड्यांशिवाय दुसरं कारण उरलं नव्हतं.

राखणीला एखादा पक्षी ठेवावा, ही कल्पना माझी. अक्काची काळजी होती मला — होतीच, ते खोटं नाही. पण मोबाइलवर मी बघितलं होतं की असे पक्षी असतात, कोंबड्यांची राखण करतात, आणि ते कसं करतात हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मग आमचा शोध सुरू झाला. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माझ्या मावसभावाचा ढाबा आहे, त्यानं गिनी कोंबड्या पाळल्यात. राखाडी अंग, त्यावर पांढरे ठिपके, डोकं मात्र टकलं. त्या अनोळखी काही दिसलं की एका सुरात ओरडायला लागतात. आता हायवेवर अनोळखी काय कमी असतं? प्रत्येक ट्रकला ओरडायच्या. जेवायला बसलेली माणसं अर्ध्यात उठायची. आणि मावसभाऊ म्हणाला, ओरडतात फक्त; संकट जवळ आलं की आपण उडून झाडावर बसतात आणि तिथून ओरडतात. मग एकाच्या शेतावर टर्की बघितली. अंग फुगवून, शेपटीचा पंखा करून काय तो रुबाब! तेवढ्यात वाऱ्यानं एक कॅरीबॅग उडत आली आणि साहेब गोठ्यात पसार झाले. अक्का हसून हसून खाली बसली. दोन पोरींसारख्या हिंडलो आम्ही तेव्हा.

हंस बीदरला मिळाला. ज्यांच्या अंगणात तो होता, तिथं फाटक उघडलं तोच मान जमिनीला लावून, फुस्स करत आला आणि माझा पदर धरून ओढायला लागला. मला इतका आनंद झाला! घरमालकीण म्हणाली, एकटाच न्या. जोडी नेली तर ते आपल्यातच रमतात, एकटा असला की कोंबड्यांनाच आपलं कुटुंब मानतो. खरंच मानतो? बघायलाच हवं होतं. खताच्या पोत्यात घालून, मान तेवढी बाहेर ठेवून त्याला बसनं आणलं. वाटेत त्यानं कंडक्टरची पिशवी चोचीत धरली ती औरादपर्यंत सोडली नाही.

अक्कानं त्याचं नाव फौजदार ठेवलं, त्याच्या चालीवरून. पोट पुढं काढून सगळ्या परसात फेरी मारायचा, कोण आलं कोण गेलं ते मान वाकडी करून बघायचा. आणि खरंच, थोड्या दिवसांत कोंबड्यांमागं राहायला लागला. आभाळात घार फिरायला लागली की एक डोळा वर करून बघायचा आणि असा ओरडायचा की पिल्लं आईच्या पंखाखाली. "कामून वरडायलाय गे ह्यो?" अक्का चुलीवरून विचारायची आणि मी खिडकीतून सांगायची — घार, मांजर, कधी नुसताच पोस्टमन. त्या पावसाळ्यात अक्काची पिल्लं जगली, कोंबड्या वाढल्या. मल्लूला फोनवर ती ऐटीत सांगायची की आता माझ्याकडं फौजदार आहे.

पण माझं एक कोडं सुटत नव्हतं. कुत्रं कुडाशी आलं की फौजदार ओरडायचा, मी किंवा आणखी कुणी "हाड्! हाड्!" करायचं आणि कुत्रं जायचं. म्हणजे पळवलं कुणी — त्यानं की आम्ही? कुत्रं खरोखर आत शिरलं, आणि माणूस आलंच नाही, तर हा काय करेल? लढेल? की टर्कीसारखा पळेल? काज करता करता मी याच विचारात असायची.

आता ती दुपार. थांबा जरा — इथपर्यंत मी याआधीही मनातल्या मनात आलेय, आणि इथूनच परत फिरलेय.

अक्का खुरपायला निघाली होती. खिडकीशी थांबली. "सुमे, मी जायलेय. परसाकडं ध्यान ठिव गे." हे ती रोजच म्हणायची. मी मान हलवली.

ऊन तापल्यावर एक काळं कुत्रं कुडाखालून आत आलं आणि खुराड्याकडं निघालं. गावात सगळे त्याला दगड मारतात. एवढासा आवाज झाला तरी शेपूट घालून पळणारं कुत्रं. फौजदार डोणीपाशी पाणी पीत होता, त्यानं ते पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. एकदा हाड् म्हटलं असतं, खिडकीचं दार आपटलं असतं, तरी झालं असतं.

मी मशीन थांबवली. नीट ऐका, कारण हेच सांगायचं आहे. मला भीती वाटली नाही. माझा आवाज बसला नाही. मशीनच्या खडखडाटानं कुत्रं बुजून परत जाईल आणि मला बघायला मिळणार नाही, म्हणून मी पायडलवरून पाय काढला. श्वाससुद्धा हळू घेतला.

आणि फौजदार लढला. ओरडत, पंख पसरून, मान लांब करून तो कुत्र्यावर गेला आणि त्यानं त्याला खुराड्यापासून मागं रेटत रेटत पार डोणीपर्यंत नेलं. पंखानं मारलं, चोचीनं कान धरला. कुत्रं केकाटलं. मला टाळी वाजवावीशी वाटली! मधेच तो थांबायचा आणि मान वर करून ओरडायचा. मग कुत्र्याला कळलं असावं की कुणी येत नाही. ते बाजूनं फिरलं आणि फौजदाराची मान त्याच्या तोंडात आली. तेव्हा ओरडले का मी? नाही. तो सुटतो का, ते बघत राहिले. तो सुटला नाही. कुत्रं खुराड्याकडं वळलं. अंड्यांवर बसलेल्या कोंबड्या तर जागच्या हलत नाहीत. माझं कोडं पुरतं सुटलं, आणि मग मी ओरडले.

संध्याकाळी अक्का आली तेव्हा परसात नुसती पिसं. मी सांगितलं, आतल्या खोलीत डोळा लागला होता, पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तिनं माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "तुजा काय दोस गे सुमे," म्हणाली. मग फौजदाराकडं बघितलं. तो खुराड्यापासून लांब, डोणीपाशी पडलेला. तिला वाटलं, कोंबड्यांना टाकून पळाला. भडव्या, म्हणाली, खाऊन माजलास आणि येळंला पळालास. त्याचा पाय धरून तिनं त्याला उकिरड्यावर फेकलं. मी शेजारी उभी होते. तो पळाला नाही, एवढं तरी सांगायचं ना? पण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुला कसं ठाऊक?

मल्लू आला. त्यानं बोलल्याप्रमाणं केलं. उरलेल्या दोन-चार कोंबड्या अक्कानं वाटून टाकल्या, आणि बसमध्ये बसताना ती माझ्याच गळ्यात पडून रडली. गावात अजून बढाया मारणाऱ्या माणसाला गंगाक्काचा फौजदार म्हणतात. सगळे हसतात. मीही हसते. मला लाज वाटते, पण हसते.

परवा अक्काचा फोन आला. तिथं तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमत नाही. खूप भांडून तिनं मल्लूला तयार केलंय, पुन्हा गावात येऊन कोंबड्या पाळणार आहे. मला म्हणाली, तुला त्यातलं कळतं, ह्या खेपेला कोणता पक्षी आणू? हंस नको, त्यो भित्रा.

बरोबर उत्तर मला ठाऊक होतं. माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नाही. पण पुन्हा हंस आला, आणि सगळ्यांदेखत लढला, तर पहिल्याबद्दल कुणीतरी विचारेल. मी म्हणाले, हंस नकोच अक्का, गिनी कोंबड्या आण.

"त्या लडत न्हाईत म्हनं की."

"न्हाई. वरडत्यात निस्त्या."

"मग बास झालं की," अक्का म्हणाली. "त्या वरडल्या की तू हाईसच."

मी व्हय म्हणाले. असतेच मी खिडकीशी. त्या दुपारीही होतेच.