धुतलेली कापा

बाजारातून परतले, पिशवी ओट्यावर ठेवून खिडकी उघडली, तर माझ्या कपड्यांच्या दोरीवर एक काळी कापा लटकत होती. ओलीचिंब. काठावरून पाणी ठिबकत होतं आणि खाली गल्लीच्या दगडांवर साबणाचा फेस साचला होता.

ही दोरी माझ्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जाते. समोर ‘फुटक्या पिंपाचं घर’. कोइंब्रा या आमच्या विद्यापीठाच्या गावात टेकडीवर विद्यार्थ्यांची अशी घरं आहेत. स्वयंपाक त्यांचा, नियम त्यांचे, कारभारही त्यांचाच. गल्ली इतकी अरुंद, की मीठ संपलं तर मी हात लांबवून त्यांच्याकडून घेते. तिकडं काय शिजतंय आणि काय करपतंय, हे मला न विचारता कळतं.

कापा बाल्ताझारची होती. खांद्यापासून पायापर्यंत येणारी ती लोकरी कापा इथला प्रत्येक विद्यार्थी पांघरतो, पण मित्रांनी प्रेमानं फाडलेल्या इतक्या चिरा दुसऱ्या कुणाच्या काठाला नव्हत्या. धुतली कुणी, हेही विचारायला नको होतं; इथली रीत माहीत नसलेली त्या घरात एकच होती.

“निल्झा!”

ती खिडकीत आली. हात साबणानं लाल, चेहरा मात्र उजळलेला. निल्झा केप व्हर्दच्या फोगो बेटावरची. ज्वालामुखीच्या उतारावर वडिलांची कॉफीची झाडं. औषधनिर्माण शिकायला आली तेव्हा विद्यापीठाची वसतिगृहं भरून गेली होती आणि गावातल्या खोल्यांची भाडी ऐकून ती स्टेशनाच्या बाकावर रडत बसली होती. या घरातल्या लेओनोरनं तिला तिथून उचलून आणलं आणि पोटमाळ्यावर जागा दिली.

“बघितलीत मावशी? दोन पाण्यांतनं काढली. काय वास मारत होती! वाइन, धूर, भाजलेले मासे...”

“अगं बये, कापा धुतात का कधी?”

ती हसली. “मग काय चाटतात?”

मी सांगितलं. पहिल्यांदा खांद्यावर पडते त्या दिवसापासून कापेला पाणी लागायचं ते फक्त पावसाचं. जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर गाण्यात काढलेल्या रात्री, मित्रांचे अश्रू, सांडलेली वाइन, सगळं त्यात राहू द्यायचं. कापा धुतली की ती वर्षं धुतली. आमच्या ह्यांची ट्रंकेत आहे, अर्धी कसरीनं खाल्ली, पण मी तिला पाणी दाखवलेलं नाही.

निल्झाचा चेहरा उतरला. “मावशी, आज संध्याकाळी मत आहे.”

ते मला ठाऊक होतं. नवं माणूस आधी काही आठवडे घरात राहतं, जेवतं. मग एका जेवणाला सगळ्यांना विचारतात. सगळे ‘हो’ म्हणाले तर घर त्याचं. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं, तर बॅग उचलायची. आणि बाल्ताझार, घरातला थोरला, आधीच खुश नव्हता. लेओनोर मला म्हणाली होती, “तो म्हणतो, ही पोरगी आहे कशी तेच कळत नाही. काहीही विचारा, ‘हो, हो’ करते.”

करतच होती. घरातल्या तिसऱ्या, दुआर्तच्या पाळीची भांडी ही घासायची, लेओनोरच्या पाळीचा पाव ही आणायची. एकदा मी म्हटलं, “दुआर्तची भांडी दुआर्तला ठेव.” तर म्हणाली, “मावशी, आधी मला आत तर येऊ द्या.”

आता ती खिडकीच्या चौकटीला धरून उभी होती. मला राहवलं नाही.

“हे बघ, मी सांगते मीच धुतली म्हणून. म्हातारी झाले, माझ्या कपड्यांत मिसळली. मला कोण घालवणार आहे?”

“खरंच सांगाल?”

“सांगेन.”

तिनं मान हलवली आणि आत गेली. लोकर काही वाळेना. मी दोनदा दोरी ओढून उन्हाच्या पट्ट्यात आणली, दोनदा ऊन पुढं सरकलं.

संध्याकाळी ते टेबलाशी बसले. मी सूप ढवळायच्या निमित्तानं खिडकीशीच. लेओनोर वाढत होती. बाल्ताझारनं खुर्च्यांच्या पाठी चाचपल्या.

“माझी कापा कुठाय?”

मी तोंड उघडलं. पण निल्झा उभी राहिली होती.

“मी धुतली.”

दुआर्तचा चमचा हवेतच थांबला. “मेलीस,” तो पुटपुटला.

“कुणी सांगितलं होतं तुला?” बाल्ताझारचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

“कुणी नाही. आमच्याकडं थोरल्याचे कपडे धाकट्यानं धुवायचे असतात. तुमची रीत माहीत नव्हती. चुकलं.” तिनं मोरीतल्या ताटल्यांकडं बोट केलं. “पण आल्यापासून सगळ्यांच्या पाळ्या मीच करतेय. तेव्हा नाही कुणी विचारलं, कुणी सांगितलं म्हणून! उद्यापासून नाही करणार. आता काढायचं तर काढा.”

बाल्ताझार खिडकीशी आला, त्यानं दोरी ओढली. कप्पी किरकिरली, कापेबरोबर माझे दोन परकरही तिकडं गेले. त्यानं ओल्या लोकरीत नाक खुपसलं.

“गुलाबाचा साबण. तुमचा?”

“माझा,” मी म्हटलं. खिडकीत ठेवलेला माझाच साबण तिनं घेतला होता.

तो कापा घेऊन आत वळला. “घ्या मत.”

“हो,” लेओनोर लगेच म्हणाली.

दुआर्तनं मोरीतल्या ताटल्यांकडं पाहिलं. “हो... भांड्यांचं नंतर बोलू.”

आता राहिला बाल्ताझार. माझं सूप तळाला लागलं, वास आला, तरी मी हलले नाही.

“माझी सगळी वर्षं होती हिच्यात,” तो शेवटी म्हणाला. “या बाईनं ती बादलीत बुचकळून गटारात सोडली. आणि आता बॅग उचलून निघून जाणार? छे! ती वर्षं भरून देईपर्यंत इथंच राहायचं. माझंही हो.”

निल्झा हसली नाही. ती धपकन खाली बसली आणि सूप पुढ्यात ओढून मान खाली घालून पिऊ लागली.

जेवण झालं, तशी दुआर्तनं सवयीनं आपली ताटली तिच्याकडं सरकवली. तिनं ती तशीच परत सरकवली.

“तुझी पाळी.”

दुआर्तला भांडी घासता येत नाहीत, हे त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीला कळलं.