काचेवर टाकून ऐकलेल्या कड्या

जिंतूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा अण्णांनी माझी पिशवी वर चढवून दिली आणि आठवडाभर चाललेला प्रश्न पुन्हा विचारला, "तिथं नेमकं काय भाजायलेत?"

अण्णा म्हणजे माझे वडील, गावातले कुंभार. चाकणच्या कारखान्यात चुंबकीय भुकटीच्या बारीक कड्या करतात, त्या मोबाइलच्या चार्जरमध्ये बसतात, असे मी पुन्हा सांगितले.

"म्हंजे मातीच की. लय शिकून भाजायलाच चाललास." बस हलली तेव्हा ते खिडकीशी आले. "निवल्याबिगर उघडू नको."

भुकटी विटकरी रंगाची असते. दाबून केलेली कच्ची कडी चिमटीतही मोडते. बाराशे अंशांवर भाजली की ती काळी, कठीण आणि पहिल्यापेक्षा लहान होऊन बाहेर येते. भट्टी निवायला जवळपास एक दिवस लागतो. आमच्या आव्यालाही, म्हणजे मडक्यांच्या भट्टीलाही, तेवढाच लागायचा.

तिसऱ्या महिन्यात मी घाई केली. तसे करायला मला कोणी सांगितले नव्हते. माल लवकर हवा होता आणि मला काम दाखवायचे होते. काटा तीनशेवर असताना मी दार उघडले. कड्या भिंगाखाली स्वच्छ दिसल्या आणि डब्यांत भरल्या जाऊ लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मी, घरी मडके वाजवून बघायच्या सवयीने, एक कडी काचेवर टाकली. खणखणीत वाजायला हवी होती, ती बसकी वाजली. पाच टाकल्या, त्यांतल्या तीन तशाच. आत तडे गेले होते आणि ते फक्त मला माहीत होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती.

अण्णांना फोन लावून सगळे सांगितले.

"बसकं मडकं आपण कवा इकलंय का?"

"नाही."

"मग फोन कशाला केलास?"

सुपरवायझरांना सांगितले. सगळा माल बाद झाला आणि माझी नोकरी कायम होणे सहा महिने लांबले. मात्र त्यानंतर दर खेपेतल्या काही कड्या काचेवर टाकून ऐकायची पद्धत पडली. ते काम आजही माझ्याकडे आहे.

चाकणला आता भाड्याची खोली, गॅस, आधारवरचा पत्ता, सगळे आहे. तरी घर कुठे असे कोणी विचारले, की मला एप्रिलची रजा आठवते. तो माठांचा हंगाम. गेल्या वर्षी अण्णांनी नव्या माठावर टिचकी मारली, कान जवळ नेला, पुन्हा मारली. मग माठ माझ्याकडे सरकवला.

"तूच बघ. माझे हात चिखलाचे हायेत."

हात कोरडे होते. मी टिचकी मारली. अण्णा माठाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी तो विकायच्या रांगेत ठेवला आणि दुसरा पुढे केला.

यंदाची रजा मी जानेवारीतच टाकली आहे.