भुट्ट्याच्या भांड्यातलं जिरावन

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळं सांगतो त्या नाक्यावरच्या पानवाल्या भियालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही. हे पण एक भित्रेपणच म्हणा.

आमच्याकडे भुट्टा आहे. म्हणजे कुत्रा. गल्लीतच जन्मला, रंग कणसासारखा पिवळा, म्हणून मुलीनं ठेवलेलं नाव — इंदूरमध्ये मक्याच्या कणसाला आम्ही मराठी लोकही भुट्टाच म्हणतो. स्वभावानं संत, पोटानं नवाब. पोळी दिली, बिघडलं. दूध दिलं, बिघडलं. डॉक्टरांनी नाजूक पोटासाठी खास पाकिटातला खाऊ लिहून दिला. खाऊ चांगला होता, पण मी रिटायर्ड मास्तर, आणि त्या पाकिटाच्या पैशांत आमचा दोघांचा किराणा आला असता. मग डॉक्टरांनाच विचारलं, साब, घरचं काही चालेल का? म्हणाले, बिलकुल चालेल. मऊ भात, मुगाची डाळ, लाल भोपळा आणि एक उकडलेलं अंडं. मीठ नाही, तेल नाही, मसाला तर नाहीच नाही.

अंडं! सुलभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सात पिढ्यांत कोणी अंड्याला हात लावला नव्हता. तिनं गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं, नाकाला पदर लावला, आणि किती वेळ उकडायचं ते कोणाला विचारायची लाज वाटली म्हणून पहिलं अंडं पाऊण तास उकडलं. ते भिंतीवर मारलं असतं तर भिंत फुटली असती. पण भुट्ट्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि पोट जागेवर राहिलं. आठ दिवस राहिलं. सुलभा इतकी खूश की गॅलरीत अंडं सोलताना गुणगुणायची.

आता मुद्द्यावर यायला हवं. येतो. पण आधी जिरावन.

जिरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरवायचा मसाला — जिरं, सुंठ, हिंग, मिरची, काळं मीठ. पोह्यांवर तर लागतोच, मला काकडीवर लागतो, पेरूवर लागतो, वरणभातावरही लागतो. बाहेरगावी लग्नाला गेलो तरी खिशात पुडी असते. हसा, सगळेच हसतात.

तर सुलभा रांधायची आणि भांडं भुट्ट्यासमोर ठेवायचं काम माझं. रोज तो फिका पिवळा गोळा बघून माझ्याच तोंडाची चव जायची. इंदूरमध्ये जन्मून बिचाऱ्यानं हे खायचं? एका संध्याकाळी चिमूटभर जिरावन टाकलं. भुट्ट्यानं भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भांड्याकडे — आणि खाल्लं. मला वाटलं, पठ्ठा खूश झाला. मग रोजचंच झालं. अळीमिळी गुपचिळी.

तिसऱ्या दिवशी पोट गेलं.

तुम्ही विचाराल, तेव्हा नाही कळलं? कळलं ना. थोडं थोडं कळलं. पण मी स्वतःला म्हटलं, भोपळा असेल. चिमूट लहान केली, बंद नाही केली. का? अहो, आता बंद करायची म्हणजे टाकत होतो हे कबूलच करायचं, निदान मनाशी. इकडे सुलभानं भोपळा काढून दुधी आणला, दुधी काढून गाजर. अंडं बंद केलं, अंडं सुरू केलं. दिवसातून पाच वेळा त्याला घेऊन जिने उतरायची. भुट्ट्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. एकदा म्हणाली, "माझ्या हाताला यशच नाही हो." आणि मी तिला समजावलं. मी!

मग पुन्हा डॉक्टर. त्यांनी भुट्ट्याचं पोट दाबून पाहिलं आणि सुलभाला म्हणाले, "मॅडम, आप कुछ तो मिला रही हैं. मसालेवाला खाना जा रहा है इसको."

"नहीं डॉक्टरसाब, नमक तक नहीं."

"झूठ बोलेंगी तो इलाज कैसे करूंगा?"

सुलभा पत्त्यांतसुद्धा शपथ घेत नाही. तिनं तिथे, चार लोकांसमोर, गळ्याला हात लावून भगवान की कसम घेतली. डॉक्टर गालात हसले. तिचे डोळे भरले. तिनं माझ्याकडे पाहिलं — मी साक्ष देईन म्हणून. माझ्या हातात भुट्ट्याचा पट्टा होता, खिशात पुडी होती. भुट्टा मुगाची डाळ खाऊन खंगला होता आणि मी मूग गिळून उभा होतो.

त्या संध्याकाळी जिरावन बंद केलं. पाच दिवसांत पोट ठीक, महिन्याभरात भुट्टा गोल गरगरीत. सुलभाला वाटतं, तिनं नवा तांदूळ बदलून जुना घेतला त्याचं हे यश. आता गल्लीतले लोक तिला विचारायला येतात — भाभीजी, हमारे शेरू को क्या दें? ती जुन्या तांदळावर असं भाषण देते की मास्तर मी होतो की ती, कळत नाही. घरात मजेत चाललंय. खोटं नाही सांगत.

फक्त तो डॉक्टर तिनं सोडला. दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे, पण ती भुट्ट्याला घेऊन रिक्षानं पार बडा गणपतीच्या पुढे जाते. भोपळा चिरता चिरता कधीतरी म्हणते, "मला खोटारडी म्हणाला हो तो." मी म्हणतो, "जाऊ दे ना आता."

रोज सकाळी पोहे होतात. मी जिरावनाचा डबा उघडतो. भुट्टा माझ्या पायाशी बसलेला असतो, तो उठतो, आणि जाऊन सुलभाच्या पायाशी बसतो. ती म्हणते, वास सोसत नाही त्याला.

त्याला तेव्हाही सोसत नव्हता. त्यानं भांड्याकडे पाहिलं होतं, मग माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी दिलंय म्हणून खाल्लं होतं.