टाचणातलं उत्तर

वर्गात एखादा हात अर्धवट वर येऊन खाली गेला, की मला सातवीतली सुमन आठवते. माझा बी.एड.चा सराव पाठ होता, विषय संतुलित आहार. पाठाच्या टाचणात मुलांची उत्तरंसुद्धा आपणच आधी लिहून ठेवायची असतात.

"आज सकाळी काय खाल्लं?" मी विचारलं. टाचणात उत्तर होतं, पोळी-भाजी. सगळ्यात आधी सुमनचा हात वर आला.

"काहीच नाही, बाई."

मागच्या बाकावर निरीक्षक मॅडम गुण देत बसल्या होत्या. मी घाईने म्हणाले, "बस खाली. दुसरं कोण सांगेल?"

दुसरीने पोळी-भाजी सांगितलं. मॅडमनी शेरा लिहिला, 'अपेक्षित उत्तरं छान काढून घेतली.'

पुढच्या एकाही पाठाला सुमनने हात वर केला नाही. खरं सांगायचं तर, मला हायसं वाटलं.