सिग्नलकाकू

मिरजेला आमचा टांगा होता. घरात पाच आणि तबेल्यात एक, अशी सहा पोटं त्याच्यावर. गावात रिक्षा आल्या आणि स्टेशनवरची गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली, त्याच सुमारास आमच्या घोड्याच्या, हिऱ्याच्या डोळ्यांत फूल पडलं. आधी एका, मग दुसऱ्या. नवा घोडा घ्यायची ऐपत नव्हती. मग आमचे आप्पा त्याला तोंडानं चालवू लागले. "बाजूला हो रं… खड्डा हाय… थांब, थांब," असं सारखं बोलत राहायचे आणि हिऱ्या दोन्ही कान मागं वळवून, पाय जरा जास्तच उचलत चालायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, टांगेवाला बडबड्या आहे. घोडा आंधळा आहे हे आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर टांग्यात बसलं कोण असतं?

हे आधी सांगितलं, कारण हे माहीत नसतं तर सिग्नलकाकू मलाही इतरांसारख्या नुसत्या बडबड्याच वाटल्या असत्या.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी न विचारता सांगते, आजही सांगते. ऐंशीच्या दशकात स्टॅटिस्टिक्स शिकायला स्कॉलरशिपवर अमेरिकेत ॲन आर्बरला गेले, तेव्हा डेट्रॉइटच्या विमानतळावर मला घ्यायला एक रिटायर्ड जोडपं आलं होतं. नव्या मराठी विद्यार्थ्यांना उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं आणि खोलीवर सोडायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. काका उंच, अबोल, पुण्याचे. काकू ठेंगण्या, नागपूरच्या, आणि अबोल अजिबात नाहीत. लांबलचक मरून रंगाची गाडी काका चालवत होते. गाव जवळ आलं तशी काकूंनी सुरुवात केली.

"अहो, तांबडा."

काकांनी ब्रेक दाबला.

"हं, हिरवा. उजवीकडून ट्रक येऊन राहिला, जाऊ द्या त्याला. आता चला. पुढे पिवळा होतोय, घाई नको, घाई नको… झाला तांबडा."

मी मागच्या सीटवर. मनात म्हटलं, या बाईच्या नवऱ्याचं कठीण आहे.

"काकू," न राहवून मी म्हणाले, "गाडी काका चालवतात की तुम्ही?"

"ते हातानं चालवतात, मी तोंडानं," काकू म्हणाल्या. "लग्नात वाटणीच तशी झाली."

काका नुसते हसले. मान मात्र त्यांनी काकूंच्या बाजूला किंचित कलती ठेवली होती. ती तशीच राहिली, घर येईपर्यंत.

सिग्नलकाकू हे नाव आमच्या आधीच्या पोरांनी ठेवलेलं. काकूंना ते ठाऊक होतं. "असू दे बाप्पा," म्हणायच्या, "इथं तीस वर्षं सगळ्यांनी मला मिसेस अमुक म्हणूनच हाक मारली. हे एक तरी माझ्या कमाईचं नाव आहे."

दोघांचा आठवडा आखलेला असे. गुरुवारी लायब्ररी. शनिवारी गराज सेल, म्हणजे लोक आपल्याच अंगणात घरातलं जुनं सामान मांडून विकतात ते. काका तिथून बंद पडलेले रेडिओ आणत, काकू बरण्या. रेडिओ क्वचितच चालू होत, बरण्यांत मात्र क्रॅनबेरीचं लोणचं पडे. ते आंबट चेरीसारखं फळ काकूंनी मेथी-मोहरीत असं बुडवलं होतं की खाणाऱ्याला कैरीची आठवण येऊन घरी फोन करावासा वाटे. पानगळीत सफरचंदांच्या बागेत जाऊन सायडर, म्हणजे सफरचंदाचा गरम रस, आणि डोनट. आणि रविवारी आम्ही पोरंपोरी जेवायला. आमटीत गूळ घालायचा की नाही यावर पुणं आणि नागपूर यांचं भांडण दर रविवारी नव्यानं होई आणि दर रविवारी आमटीत थोडासा गूळ असे.

"रिकामं बसलं की हिवाळा अंगावर येतो," काकू म्हणायच्या. जेवण झालं की पत्ते काढायच्या.

काकांनी सगळी नोकरी एका मोटार कंपनीत ब्रेक डिझाइन करण्यात घालवली होती. एरवी चार शब्द न बोलणारा हा माणूस ब्रेकचा विषय निघाला की खुलायचा. "हे बघा मिरजकर," मला ते मिरजकरच म्हणत, "गाडी पळवणं कुणालाही येतं. ती थांबवणं ही विद्या आहे."

त्यांचा मुलगा नंदू कॅलिफोर्नियात होता. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर वेळी तेच बोलणं. काकू मराठीत विचारत, तो इंग्रजीत उत्तरं देई आणि शेवटी म्हणे, "मॉम, दॅट हाउस इज टू मच फॉर यू. सेल इट. कम हिअर." फोन ठेवला की काकू आम्हाला ऐकवत, "तिकडे त्याच्या बंगल्यात आम्हाला एक खोली देणार म्हणतो. खोलीत बसून मी काय भिंती मोजू? ज्या दिवशी आमची गाडी बंद झाली ना, त्या दिवशी हा उचलून नेणार आम्हाला."

हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं.

दुसऱ्या हिवाळ्यात काही गोष्टी दिसू लागल्या. काका पत्त्यांतून उठू लागले. "कंटाळा आला, तुम्ही खेळा," म्हणत. बास्केटबॉलची मॅच टीव्हीवर बघायची सोडून रेडिओवर ऐकू लागले. लायब्ररीतून पुस्तकं पूर्वीसारखीच यायची, पण ती आता काकू मोठ्यानं वाचून दाखवत. म्हणत, "मलाच सवय राहावी म्हणून." आणि गाडीत काकूंचं बोलणं वाढलं होतं. आधी फक्त सिग्नल होते, आता "समोरची थांबली", "डावीकडे सायकलवाला", "पांढरी रेघ सोडू नका" असं सगळंच आलं. पोरांना हसायला आणखी विषय.

मला हसू येईना. मागच्या सीटवरून मला काकांचा फक्त कान दिसायचा, काकूंकडे वळलेला. तसा कान मी लहानपणापासून बघत आले होते.

जानेवारीत काकूंचा घसा बसला. साधा नाही, आवाज पार गेला. तोंडातून नुसती हवा. तरी गुरुवार होता, म्हणजे लायब्ररीला जायचंच. मी त्यांच्याबरोबर गेले. काकूंनी त्यावर तोड काढली होती. उजव्या हातातला मोजा काढून ठेवला आणि तांबडा आला की हात हलवून बांगड्या वाजवायच्या. हिरव्याला गप्प. पहिले दोन सिग्नल नीट पार पडले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली. कोटाची बाही तोंडावर, बांगड्या बाहीत. समोर तांबडा. मी "काका!" म्हणून ओरडेपर्यंत गाडी चौकात होती. बाजूनं युनिव्हर्सिटीची बस आली, तिच्या ड्रायव्हरनं बर्फावर कशीबशी ती आवरली आणि भोंगा असा दाबून धरला की तो मला अजून ऐकू येतो. आमची गाडी पलीकडच्या बर्फाच्या ढिगात नाक घालून थांबली. कुणाला काही झालं नाही. बसच्या काचेतून कॉलेजची पोरं आमच्याकडे बघत होती.

बस निघून गेली.

"काका," मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही."

काकू गर्रकन वळल्या. आवाज नव्हता, तरी ओठांवरून कळलं: चूप बस!

"मी चूप बसते काकू, पण त्या बसमध्ये कुणाची तरी पोरं होती."

काकांनी हँडब्रेक लावला. मग म्हणाले, "कडेचं दिसतं. मधलं पुसल्यासारखं झालंय. तुझा चेहरा दिसत नाही, मिरजकर, कान दिसतात. डॉक्टरकडे गेलो तर लायसन्स जाणार. लायसन्स गेलं तर घर. बसनं लायब्ररी होईल, पण दूध, डॉक्टर, तुम्ही पोरं… इथं गाडी नसलेल्या म्हाताऱ्याला घर ठेवता येत नाही."

मग मी त्यांना हिऱ्याची पुढची गोष्ट सांगितली. आप्पांचं तोंडानं टांगा हाकणं बरेच दिवस चाललं. एकदा बाजारपेठेत लग्नाची वरात आडवी आली. बँडच्या आवाजात घोड्याला आप्पांचं बोलणं ऐकू गेलं नाही आणि टांगा खांबावर गेला. आतल्या म्हातारीचा हात मोडला. त्या दिवसापासून आप्पा टांग्यात बसले नाहीत. लगाम धरून घोड्याच्या पुढं पायी चालू लागले. गाव हसलं, थोडी गिऱ्हाइकं तुटली, पण राहिली ती भरवशाची राहिली. आप्पा म्हणायचे, "ज्याला दिसतंय त्यानं पुढं व्हावं. त्यात लाजायचं काय?" त्यांच्या त्या चालण्यावर मी बी.एस्सी. झाले.

गोष्ट संपली तसे काका हसायला लागले. "म्हणजे मी घोडा काय गं?"

"काका, हिऱ्या फार चांगला घोडा होता."

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खांदे मात्र हसण्यानं हलत होते. काकांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि अंदाजानं काकूंच्या मांडीवर ठेवली.

"आयुष्यभर लोकांच्या गाड्या थांबवल्या," म्हणाले. "ही आपली राहिली होती."

काकूंनी माझ्याकडे बघून आपल्याच छातीवर बोट ठेवलं. मी? या वयात?

"तीस वर्षं तोंडी परीक्षा देते आहेस," काका म्हणाले, "आता प्रॅक्टिकल दे."

मी गावात जाऊन ओळखीच्या एका विद्यार्थ्याला घेऊन आले. त्यानं गाडी ढिगातून काढून घरी नेली. पुढच्याच आठवड्यात काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मधली नजर परत येणार नाही, कडेची राहील, असं त्यानं सांगितलं. नंदूला कळवायचं काकूंनी थांबवून ठेवलं. "आधी मला लायसन्स मिळू दे. हातात काहीतरी असल्याशिवाय त्या पोराशी वाद घालता येत नाही."

बर्फ वितळल्यावर रविवारी सकाळी फुटबॉल स्टेडियमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. स्टिअरिंगवर काकू, पाठीखाली दोन उशा. शेजारी लायसन्स असलेलं माणूस लागे, म्हणून आमच्यातलं कुणी ना कुणी तिथं. काका मागे बसून नुसत्या आवाजावरून शिकवत. "ब्रेकवर नाचू नकोस. अंडं ठेवलंय पायाखाली असं समज." काकू उलट बोलत, "अंडं फुटून ऑम्लेट झालं केव्हाच!" काकांचा तेवढा मोकळा आवाज मी त्या आधी कधी ऐकला नव्हता.

पहिल्या टेस्टमध्ये काकू नापास झाल्या. कारण सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. चौकात तांबडा होता, गाडी छान थांबवली. हिरवा झाला. काकू सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, "हिरवा!" आणि काका गाडी सोडतील म्हणून वाट बघत बसल्या. मागे भोंग्यांची रांग. परीक्षकानं विचारलं, "मॅम, इज समथिंग राँग?"

"आय ॲम टेलिंग माय हजबंड," काकू म्हणाल्या.

"व्हेअर इज युअर हजबंड, मॅम?"

"ऑन द बेंच. इन युअर ऑफिस."

घरी येऊन काका म्हणाले, "तुझं तोंड आणि पाय यांची ओळख नाही अजून. करून देऊ." पुढचे रविवार त्यांनी तेवढंच केलं. मागून तेच ओरडत, "हिरवा!" आणि त्याबरोबर काकूंनी पाय उचलायचा. दुसऱ्या वेळी त्या पास झाल्या. बाहेर येऊन त्यांनी आधी कार्ड काकांच्या डोळ्यांच्या कडेला नेऊन धरलं, जिथं त्यांना दिसेल तिथं. काकांनी ते बराच वेळ पाहिलं. "फोटोत भांडखोर दिसतेस," म्हणाले.

त्या रविवारी नंदूच्या फोनवर काकूच बोलल्या. डोळ्यांचं सगळं सांगितलं. तिकडून तो बराच वेळ काही बोलत होता. मग काकू म्हणाल्या, "बाळा, गाडी मी चालवते. तू ये उन्हाळ्यात, तुला सफरचंदांच्या बागेत नेते." फोन ठेवला आणि पत्ते वाटायला घेतले. काकांसाठी लायब्ररीतून मोठ्या आकड्यांचा जोड आणला होता.

माझी पीएच.डी. झाली आणि नोकरीसाठी मी दुसऱ्या राज्यात निघाले, तेव्हा विमानतळावर मला त्यांनीच सोडलं. हायवेवर काकू मरून गाडी चालवत होत्या. वेग कमी, लोक भोंगे वाजवत पुढे जात होते, त्यांना काकू अस्सल नागपुरी आशीर्वाद देत होत्या. काका शेजारी, मान कलती. विमानतळाआधीच्या शेवटच्या सिग्नलला गाडी थांबली.

"अहो, तांबडा," काकू म्हणाल्या.

आता सांगायची गरज नव्हती. तरी काकांनी पाय पुढे करून जमिनीवर हलकेच दाबला.

दोघंही आता नाहीत. आप्पाही नाहीत. काकूंना लायसन्स मिळालं तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी पुढे बरीच वर्षं गाडी चालवली आणि एकदाही कुणाला धक्का लावला नाही. टांगेवाल्याच्या मुलीनं डॉक्टरेट केली. आणि ॲन आर्बरचं ते घर विकावं लागलं नाही. काका गेले ते त्याच घरातून गेले.